पंचनाम्यात मनाचा रकाना नाही

पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर जातात. (सरकारदरबारी या तिघांचीही पदनामे आता बदलली आहेत, पण गावात अजून जुनीच नावे चालतात.) ऊस किती आडवा झाला, केळी किती मोडली, जमीन किती गुंठे खरडली, घराची भिंत पूर्ण पडली की अर्धी, दावणीची किती जनावरे गेली, हे सारे लिहिले जाते. खाली शेतकऱ्याची सही किंवा अंगठा होतो. सगळे रकाने भरतात. पण त्या माणसाची झोप गेली, भूक गेली, बोलणे गेले, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते. आणि जागा नाही म्हणून आपणही विचारत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज खत-बियाण्यांऐवजी याच विषयावर लिहायचे ठरवले आहे. हा विषय कृषी खात्याचा नाही, असे काही जण म्हणतील. म्हणोत. ज्याचे मनच शेतावरून उडाले, त्याला हरभऱ्याचे सुधारित वाण सांगून काय उपयोग?

सीनेचे पाणी

आपला सोलापूर जिल्हा वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. सीना नदी तर बहुतेक वर्षी उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. तिच्यात पाणी सोडा म्हणून निवेदने द्यायची आपली सवय. तीच सीना २०२५ च्या सप्टेंबरात पात्र सोडून निघाली. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच आठवड्यात करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. घरात घट बसलेले आणि दारात नदी, असा प्रकार झाला.

त्यानंतर कामानिमित्त नदीकाठी पुष्कळ फिरणे झाले. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावांची नावे लिहीत नाही. एका वस्तीवर पन्नाशीचे एक गृहस्थ भेटले. मोटार गेली, ठिबकच्या नळ्या गेल्या, दीड एकर ऊस झोपला. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. म्हणाले, "साहेब, तीन जनावरं होती. दोन सोडली. तिसरीच्या दाव्याची गाठ भिजून आवळली होती, सुटलीच नाही. पाणी छातीला लागलं तवा मी निघालो." एवढे सांगून ते गप्प झाले. गोठ्याच्या मेढीला त्यांनी आता विळा खोचून ठेवला आहे. पुन्हा वेळ आली तर दावे कापता यावे म्हणून.

दुसऱ्या एका घरी सासू-सुना दोघीही पत्र्यावर थेंब वाजला की उठून बसतात. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी उशाला. सासूबाई हसत म्हणाल्या, "लोक उशाला देव ठेवतात, आमी पासबुक ठेवतो." पोरांचे पाहाल तर ती पूर-पूर खेळतात. एक जण नदी होतो, बाकीचे ओट्यावर चढतात. मोठी माणसे त्यांना रागावतात, पण रागावू नये. पोरांची भीती खेळातूनच बाहेर पडत असते, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात.

सगळ्यात अवघड वाटले ते जमीन खरडून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. पीक गेले तर पुढच्या हंगामात येते. पण वाडवडिलांनी तळ्यातला गाळ बैलगाडीने आणून, पसरून, बांध घालून केलेली जमीन एका रात्रीत मुरुमापर्यंत धुऊन जाते, तेव्हा बापाची कमाई आपल्या हातून गेली असे त्या माणसाला वाटते. सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मदत जाहीर केली. त्यात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामे होती. पैशाची मदत हवीच, तिच्याविषयी दुमत नाही. पण माती गेल्याचे दुःख आणि माणूस गेल्याचे दुःख यांत शेतकऱ्याच्या लेखी फार अंतर नसते, हे साहेब लोकांनी समजून घ्यायला हवे.

दुष्काळाचा सराव, पुराचा नाही

"आपला माणूस चिवट आहे, ७२ चा दुष्काळ पचवलाय," असे भाषणात नेहमी म्हटले जाते. खोटे नाही ते. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, तलावांवर माती वाहिली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात ५० लाखांच्या जवळपास माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हाची म्हातारी माणसे अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, आणि गंमत अशी की त्या गोष्टी रडत सांगत नाहीत. कुठल्या तलावावर किती ब्रास खडी फोडली, मुकादम कसा होता, सुकडी कशी मिळायची, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. हालअपेष्टा होत्या, पण हाताला काम होते आणि सगळा गाव एका ठिकाणी होता.

दुष्काळ पावलापावलाने येतो. आधी विहीर आटते, मग चारा संपतो, मग जनावर बाजारात जाते. माणूस मनाची तयारी करत जातो. पूर आणि भूकंप तसे नाहीत. रात्री झोपताना सगळे असते आणि पहाटे नसते. म्हणून दुष्काळाला सरावलेला माणूस पुरालाही सरावलेला असेल, असे धरून चालू नये. पुराने हादरलेल्या माणसाला "तुझ्या बापानं ७२ काढलं" असे म्हणणे म्हणजे धीर देणे नव्हे, टोमणा मारणे झाले.

किल्लारीकडे बघू

अचानक आलेल्या संकटानंतर माणसे कशी उभी राहतात, हे बघायला लांब जायला नको. आपल्याच शेजारी किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसे गेली. दगडाच्या जाड भिंती मातीत रचलेल्या आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरेच माणसांवर कोसळली. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले गेले. सोलापुरात तेव्हा ज्यांनी रुग्णांना रक्त दिले, भाकरी पोहोचवल्या, ती मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत. माझ्या पिढीने हे सारे त्यांच्याकडूनच ऐकले.

भूकंपानंतर कित्येक महिने तिकडचे लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते. दगडाची भिंत दिसली तरी छातीत धडधडायचे. ज्या दगडावर पिढ्या वाढल्या त्याच दगडाची दहशत बसली. मानसोपचारतज्ज्ञ आणि नट म्हणून आपल्याला माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावर तिथे काम केले. आपत्तीनंतर ब्लँकेट आणि धान्याइतकीच मनाच्या उपचाराचीही गरज असते, ही गोष्ट आपल्याकडे बोलली जाऊ लागली ती तेव्हापासून.

तिथे पुनर्वसन दोन तऱ्हांनी झाले, आणि मला वाटते सगळा धडा या दोन तऱ्हांतच आहे. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रुंद रस्ते, सरळ रेषेतले प्लॉट, कागदावर बघायला छान. पण घराचा आकार जमिनीवर ठरल्यामुळे जुनी गल्ली मोडली. भावकी एका टोकाला, शेजारीण दुसऱ्या टोकाला. शेत लांब पडले. जुन्या गावात बाई उंबऱ्यात बसली की दहा जणींशी बोलणे व्हायचे. नव्या गावात उंबऱ्यातून रुंद रस्ताच दिसायचा. घरे मिळेपर्यंतचे दिवस पत्र्याच्या शेडमध्ये गेले. हातात मदतीची रोख रक्कम, हाताला काम नाही, घरात माणूस नाही. त्या काळात दारू वाढली, हे तिथे काम केलेल्या अनेकांनी सांगितले आहे. घरे पक्की मिळाली हे खरे, आणि ती द्यायलाच हवी होती. पण घर उभे राहिले म्हणजे घरातला माणूस उभा राहिला असे होत नाही.

दुसरी तऱ्हा वेगळी. ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तिथे मालकाने आपले घर आपणच दुरुस्त करायचे, असे ठरले. सरकार हप्त्याहप्त्याने पैसे आणि साहित्य देणार, इंजिनिअर तंत्र सांगणार, पण गवंडी ठरवणार घरमालक. अशी जवळपास २ लाख घरे झाली. यात हजारावर गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. या बायका घरोघर जाऊन सांगायच्या की भिंतीत आडवे दगड कसे घालायचे, सिमेंटचा पट्टा कुठे घ्यायचा, हप्ता कुठे अडला. आदल्या वर्षी ज्या पदर डोक्यावरून खाली येऊ देत नव्हत्या, त्या इंजिनिअरला जाब विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना घर कसे बांधून घ्यायचे ते सांगून आल्या. भाषा वेगळी, पण दुःख ओळखीचे. जिचे स्वतःचे घर पडले होते, ती दुसरीला धीर द्यायला हजार किलोमीटरवर गेली. याला मी उभे राहणे म्हणतो.

पोरक्या झालेल्या मुलांसाठीही माणसे पुढे आली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' सुरू केले. सुराणा मूळचे आपल्या बार्शीचे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. मुलाला नुसता आश्रय मिळून भागत नाही. सकाळची शाळा, ठरलेले जेवण, आणि सोबत त्याच दुःखातून आलेली दुसरी मुले, यांनी त्याची घडी बसते.

काय केल्याने फरक पडतो

शास्त्र काय सांगते? मोठ्या आपत्तीनंतर झोप न येणे, दचकणे, तेच तेच डोळ्यासमोर येणे, चिडचिड, जेवण न जाणे हे जवळजवळ सगळ्यांना होते. हे वेड नव्हे. बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कमी होत जाते. थोड्यांचे होत नाही, त्यांना डॉक्टर लागतो. मधल्या काळात भोवतालची माणसे काय करतात यावर बरेच अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली यावर एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीनच शब्दांत सांगता येईल: बघा, ऐका, जोडून द्या. कोण एकटा पडलाय ते बघा, बोलेल तेवढे ऐका, आणि त्याला लागणाऱ्या मदतीशी त्याला जोडून द्या. बळजबरीने बोलायला लावू नये, हेही त्यात आहे. आपल्याकडे मात्र वाहिनीवाला माईक पुढे करून "त्या रात्री नेमकं काय झालं?" असे दिवसातून चारदा विचारतो. धान्याच्या किटसाठी रांगेत उभे राहायचे, ते किट घेतानाचा फोटो काढून द्यायचा, हेही तसेच. स्वतःच्या शेतात पाच माणसांना रोजगार देणारा बागायतदार त्या रांगेत मान खाली घालून उभा असतो. देणाऱ्यांनी देताना एवढे तरी बघावे.

आता माझ्या प्रांतातले सांगतो. मन लागत नाही म्हणून माणूस शेतात जात नाही, आणि शेतात जात नाही म्हणून मन आणखी लागत नाही. हे चक्र कुठून तरी तोडावे लागते आणि ते हातापासून तोडणे सोपे जाते. आधी काम, मग उमेद; उमेद येण्याची वाट बघत बसू नये. डॉक्टर मंडळीही उदासीच्या आजारात हेच सांगतात. म्हणून पुरानंतर आम्ही लोकांना म्हणत होतो की सगळ्या पाच एकरांचा विचार आज करू नका. वाफसा येईल तेवढे दहा गुंठे धरा. जनावरांपुरता मका, नाहीतर हरभरा टाका. ज्वारीची वेळ गेली असेल तर जाऊ द्या. एका काकांनी खरडलेल्या रानाच्या कडेला फक्त मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे केले. उत्पन्न म्हणाल तर नगण्य. पण रोज सकाळी पाणी द्यायला ते घराबाहेर पडू लागले आणि येता-जाता चार माणसांशी बोलू लागले. त्यांच्या मालकीणबाई म्हणाल्या, "कोथिंबिरीचं सोडा वो, माणूस जेवाया लागला."

काही गावांनी इर्जिक घातले. आज याच्या विहिरीतला गाळ, उद्या त्याची मोटार, परवा देवळातला चिखल. जिथे इर्जिक झाले तिथे लोक लवकर बोलते झाले, असा माझा अनुभव आहे. देवळातला चिखल काढून सांजेचा हरिपाठ पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या गावात पहिल्यांदा 'गाव' असल्यासारखे वाटले. देव-धर्म कोणी मानो न मानो, संध्याकाळी वीस माणसे एका ठिकाणी बसतात, कोण आले नाही ते लक्षात येते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येते. बायका मोकळ्या होतात. नळावर, ओट्यावर, बचत गटात बोलतात, रडतात. गडीमाणूस पारावर बसूनही बोलत नाही, तंबाखू मळत राहतो. त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावे लागते.

लक्ष कशावर ठेवायचे? महिना-दोन महिने झाले तरी झोप नाही, अंघोळ-जेवणाची शुद्ध नाही, दारू एकदम वाढली, "माझ्या माघारी पोरांचं बघा" असली भाषा येऊ लागली, देणी-घेणी एकाएकी मिटवू लागला, तर वाट बघू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट मनात येतंय का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका, दवाखान्यात घेऊन जा. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा चालू आहे. १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आणखी एक, हे अगदी माझ्या खात्याचे. फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, देवळीत ठेवू नका. पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. उरलेले औषध साठवू नका. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. माणसाचा तो वाईट क्षण बहुधा थोडा वेळच असतो. त्या वेळात डबा हाताशी नसला, तर माणूस वाचतो.

राहिली गोष्ट पुढच्या पावसाळ्याची. पुन्हा पाणी येईल का, ही भीती नदीकाठी सगळ्यांनाच आहे, आणि "काही होत नाही" म्हणून ती जात नाही. काय करायचे ते आधी ठरलेले असले की ती निम्मी होते. नदीकाठच्या प्रत्येक गावाने चार गोष्टी ठरवाव्यात. २०२५ चे पाणी कुठवर आले होते त्याची खूण शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर रंगाने करावी. वरच्या धरणातून पाणी सुटल्याचा निरोप कोणाला येणार आणि भोंग्यावरून कोण सांगणार, त्याचे नाव ठरवावे. एकटी राहणारी म्हातारी माणसे, अपंग आणि बाळंतिणी कुठल्या घरात आहेत आणि त्यांना कोणता तरुण उचलणार, त्याची यादी करावी. आणि जनावरे आधी सोडायची की दावणीलाच बांधून वर उंचावर न्यायची, हे वस्तीवस्तीने मिळून ठरवावे. दावे पटकन सुटेल अशा गाठीचे असावे. ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि मृगाच्या आधी ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवा.